पाणसळ

रात्रीचे नऊ. विश्वंभर कामावरून येऊन पाय धुतो,
नखांच्या कडांना सिमेंट राहतंच.
मग साबण, पुन्हा साबण,
आणि ओले हात कशालाही न पुसता
हवेत वाळवत उभा.

दोनदा आम्ही परभणीहून रिकामे आलो.
पेडगाव गेलं, मानवत रोड गेलं,
सेलूपर्यंत कुणीच काही बोललं नाही.
तिसऱ्या खेपेला डॉक्टरबाई म्हणल्या,
रक्त घट्ट होतंय तुमचं, नाळेत गुठळ्या धरायल्यात.
रोज एक इंजेक्शन. बाळंतपणापर्यंत.

तस्लीम सिस्टरनी माझाच हात
माझ्याच पोटावर ठेवून शिकवलं:
बेंबीपासून तीन-चार बोटं लांब,
आज डावीकडं, उद्या उजवीकडं.
कातडीची घडी चिमटीत धरा,
सुई सरळ, सगळी आत,
औषध सावकाश, संपेस्तोवर चिमटी सोडायची नाही.
आणि चोळायचं नाही, ताई.
कितीही वाटलं तरी.

पण दुखलं की चोळायचं
हे हाताला कुणी शिकवावं लागत नाही.
तिसऱ्याच दिवशी सासूबाईंनी
मायेनं तेल लावून चोळलं,
सकाळी पोटावर
वांग्याच्या रंगाचा अख्खा तळहात.
गयाबाई बघतच राहिल्या.
मग तेलाची बाटली उचलून फळीवर ठेवली,
त्यांचाच हात पुरणार नाही इतकी वर.

सिरिंजमध्ये एक बुडबुडा असतो.
टिचकी मारून तो काढायला बोट उचललं,
तर विश्वंभर म्हणाला, थांब.
सिस्टर काय म्हणल्या होत्या?
असू द्या, शेवटचा थेंब तोच ढकलतो.
त्यानं सिरिंज बल्बाकडं धरली
आणि एक डोळा मिटून बघितलं,
पाणसळीतला बघतो तसं.

त्या रात्रीपासून टोचायचं काम त्याच्याकडं.
म्हणतो, भिंत असो का सुई, गुण्यात पाहिजे.
विटा झेलून घट्टे पडलेला हात
माझ्या पोटावर टेकतो मात्र
ओल्या गिलाव्याला लागावा तसा.
वापरलेली सुई टोपण न लावता
फिनेलच्या जाड डब्यात. डबा भरला की दवाखान्यात परत.
कॅलेंडरवर फुली. फुलीशेजारी डा किंवा उ.

भावाच्या लग्नात एक रात्र हुकली.
सकाळी मी दोन काढून बसले, भरपाई म्हणून.
त्यानं आधी फोन लावला.
दोन नाही, पलीकडून सिस्टर ओरडल्या, कधीच दोन नाही,
आत्ता एक घ्या, पुढचं कधी ते मी विचारून सांगते.
दाढ ठणकली तेव्हा शेजारच्या कौसाबाई
पदराच्या गाठीतली गोळी सोडत म्हणल्या,
घे गं, सगळेच खातेत.
त्या गोळीनं रक्त आणखी पातळ होतं हे त्यांना कुठून ठाऊक.
मी गोळी हातात घेतली, खाल्ली नाही,
रात्रभर गालाला हात लावून
हिरड्यांतून रक्त येतंय का ते बघत बसले.

वैशाखात पत्रे तापले.
औषधाचा डबा कुठं ठेवावा यावर घरात भांडण झालं.
फ्रीजच्या दारात, बर्फाच्या खणात नाही,
हे गयाबाईंनी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं,
पाणी मागायला आलेल्या पोस्टमनलासुद्धा.

मंगळवारी सकाळी भरती व्हा, डॉक्टरबाई म्हणल्या,
सोमवारचं इंजेक्शन घेऊ नका.

आज सोमवार.
नऊ वाजले.
विश्वंभरनं पाय धुतले, साबण, पुन्हा साबण,
आणि हात हवेत धरून उभा राहिला.
मग आठवलं.
तरी गेला नाही कुठं.
मीही पदर सारून
चिमटीत घडी धरून बसलेली, सवयीनं.
आज डावीकडची पाळी होती.

तेवढ्यात कातडीखाली एक उंचवटा आला
आणि हळूहळू
डावीकडून उजवीकडं सरकला.

तो खाली बसला, गुडघे टेकून.
एक डोळा मिटला.